‘मेलो’ म्हणाले डॉक्टर!

“रोग्याचं बोलणं नुसतं कानावर पडू दे, मी रोग सांगतो!” असं डॉक्टर उपेंद्र जेवताना बायकोला, सौदामिनीबाईंना, नेहमी ऐकवत. भोरात दवाखाना काढल्यापासून त्यांनी एक अंदाज बसवला होता. इथली माणसं शिंकली तरी ‘आता काही मी वाचत नाही’ म्हणत. शेजारच्या दुर्गाकाकूंच्या तर सकाळी कानात समुद्र गाजे आणि दुपारी टाळूवर तवा तापे! तेव्हा सांगितलेल्या दुखण्यातले बारा आणे सोडायचे आणि उरलेल्या चार आण्यांवर औषध द्यायचं.

श्रावणात एके सकाळी उत्रोलीच्या बनाबाई दारात उभ्या राहिल्या. “आमच्या भिमाला बैलानं ढुसणी दिलीया. त्यो न्हाई म्हनतो, पर तुमी येकडाव बगा.”

डॉक्टर गेले. भिमा एका हातानं बैलाला वैरण टाकत होता.

“काय होतंय?”

“काय न्हाई. जरा कळ हाय.”

जरा! डॉक्टरांनी त्यातलेही बारा आणे वजा केले. सदऱ्यावरूनच खांदा पाहिल्यासारखं केलं, मलम दिलं आणि ऐटीत भाताच्या बांधावरून परत निघाले.

दहा पावलं गेले नसतील, तोच पाय सटकला आणि डॉक्टर धपकन खाचरात!

“मेलो! अगं आई गं! मेलो, मेलो! आटोपलं सगळं!”

उत्रोली गोळा झाली. बनाबाईंनी कपाळाला हात लावला. “आवं, माजा सासरा मरस्तवर ‘बरं हाय’ म्हनत व्हता! ह्यो मानूस सोताच्या तोंडानं मेलो म्हनतोय. आन् डाक्टर हाय त्यो, त्याला कळत असंल न्हवं?”

एक गडी भोरकडं धावत सुटला. भिमानं डॉक्टरांना पाठुंगळी घेतलं, घरी आणून घोंगडीवर निजवलं. बनाबाईंनी तोंडात तुळशीचं पान घातलं.

“अहो, पाय मुरगळलाय नुसता!”

“बोलू नगा सायेब. देवाचं नाव घ्या.”

इकडं निरोप निघाला तेव्हा डॉक्टर ‘जात होते’, भोरच्या वेशीत येईपर्यंत ‘गेले’! सौदामिनीबाई चूल तशीच टाकून अनवाणी धावल्या. मागं सबंध आळी.

भिमाच्या दारात त्या आल्या तेव्हा त्यांना धाप आवरत नव्हती. तोंडात तुळस घेऊन पडलेला नवरा डोळे मिचकावताना पाहिला आणि त्या मटकन खाली बसून रडू लागल्या. बायकोचे चिखलानं भरलेले पाय पाहून डॉक्टरांना पहिल्यांदाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काही नाही गं. जरा मुरगळलाय.”

“जरा? मग मेलो कोण म्हणालं?”

“ते... तसं म्हणतात.”

सौदामिनीबाईंनी डोळे पुसले आणि त्यांची नजर भिमाकडं गेली. “यांचा हात असा काय लोंबतोय?”

डॉक्टर लंगडत उठले. भिमाचा सदरा बाजूला केला. गळ्याजवळचं हाड सरळ मोडलेलं! आणि याच माणसाच्या पाठीवर बसून आपण आलो!

“अरे, मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की. कळ हाय म्हनलं न्हवं?”

दोघांना एकाच बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. पाय स्टुलावर ठेवून डॉक्टरांनी आधी भिमाचा हात गळ्यात बांधला. इतका जपून की भिमालाच संकोच वाटला. तोवर समाचाराला आळी लोटली. दुर्गाकाकू सगळ्यांत पुढं.

“पायाचं काय घेऊन बसलात डॉक्टर! धावून धावून माझ्या छातीत नुसते नगारे वाजतायत! आता काही मी वाचत नाही!”

मग त्यांनी बाकावरच्या भिमाकडं पाहिलं. “तुमचं काय हो?”

“काय न्हाई. झ्याक हाय.”

“मग उठा की!” काकू कडाडल्या. “आजारी माणसाला बसू द्या जरा!”

आणि भिमा उठला.