हेरंबची गाडी पूल उतरते

नवी गाडी घेणारी माणसं अडाणी असतात, शहाण्याने वापरलेलीच घ्यावी, असं हेरंब महिनाभर लालबागमधल्या आपल्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर सांगत फिरत होता. शाळेपासूनचा मित्र सौमित्र आपली गाडी विकतोय म्हटल्यावर तर तो हवेतच गेला. चार व्हिडिओ बघून त्याने गाडीची तपासणी केली. टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून "हं" म्हणाला, आणि ब्रेक दाबत बायकोला म्हणाला, "बघ मीनाक्षी, लोणी आहे नुसतं."

"असू दे लोणी. पण पहिला बिघाड झाला की त्याच दिवशी गाडी परत करायची," मीनाक्षी म्हणाली. "मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

हेरंबने हसत हसत कबूल केलं. स्वतःवर इतका विश्वास असलेल्या माणसाला हसायला काय जातं?

रविवारी सकाळी गाडीची पूजा झाली. गाऱ्हाणं घालायला हेरंबची आत्या गंगुबाई पुढे आली. मालवण सोडून तिला जन्म लोटला होता, पण देवाशी ती अजून तिथल्याच भाषेत बोलायची. "बा देवा म्हाराजा, पोरान गाडी घेतल्यान हा, वाटेत जी काय इडापीडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!" आणि अख्खी इमारत म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मग आत्याने देवापुढचा नारळ हेरंबच्या हातात दिला. "ह्यो फोडू नको. पुढे काचेकडे ठेव. दादराक सुखरूप पोचलास काय थंय फोड." दादरला मीनाक्षीचं माहेर होतं, आणि सासऱ्यांना गाडी दाखवणं हाच तर आजचा खरा कार्यक्रम होता. पण काचेपुढच्या त्या चकचकीत भागावर नारळाने ओरखडा पडला तर? आत्याची पाठ वळताच हेरंबने नारळ आपल्या सीटखाली ढकलला.

गाडी झोकात निघाली. शेजारी मीनाक्षी, मागे आत्या. पूल चढून झाला, आणि दादरच्या बाजूचा उतार लागला. पुढे एक टेम्पो होता. टेम्पोत परळच्या कारखान्यातून निघालेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला भलामोठा गणपती, मागे तोंड करून थेट हेरंबकडे बघत होता. टेम्पो हळू झाला. हेरंबने ब्रेकवर पाय दिला.

पाय खाली जाईना. दगडावर ठेवल्यासारखा जिथल्या तिथे राहिला.

"ब्रेक लागत नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?" मीनाक्षी म्हणाली.

"म्हणजे लागत नाहीये! दाबतोय, लागत नाहीये!"

"रे, नारळ खंय?" मागून आत्या म्हणाली. "काचेकडे दिसत नाय तो?"

"आत्या, आपण मरतोय आणि तू नारळ काय घेऊन बसलीस?"

गणपती मोठा मोठा होत चालला. लालबागमध्ये राहून ऐन श्रावणात गणपतीला धडक दिली, तर त्या माणसाला जागा उरली नसती, ना इमारतीत, ना मुंबईत. हेरंबने हॉर्न दाबला, वायपर लावले, दिवे लावले, जे जे हाताला लागलं ते सगळं केलं. आत्याने गणपतीला हात जोडले. शेवटी मीनाक्षीने दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. गाडी किंचाळली, आडवी झाली, आणि टेम्पोपासून वीतभर अंतरावर थांबली. गणपती शांतपणे पुढे निघून गेला.

लोकांनी गाडी ढकलून पुलाखाली कडेला लावून दिली. तोवर हेरंबचं तोंड सुरू झालं होतं. त्याने सौमित्रला फोन लावला. "मित्र म्हणवतोस? ब्रेक नसलेली गाडी गळ्यात मारलीस? अरे, माझी बायको होती आत, आत्या होती!"

सौमित्र जवळच हिंदमाताला राहायचा. तो घरच्या बनियनवरच धावत आला. "आत्या, लागलं नाही ना कुठे?" त्याने आधी विचारलं. मग हेरंबकडे न बघता म्हणाला, "गाडी मी परत नेतो. पैसे आज मिळतील. पण तू मला असा समजत असशील, तर यापुढे माझ्या दारात येऊ नकोस."

इतक्या वर्षांची मैत्री अशी रस्त्याच्या कडेला संपेल, असं हेरंबला वाटलं नव्हतं.

"ता सगळा ऱ्हवांदे," आत्या म्हणाली. "आधी देवाचो नारळ काढा. तो गाडीवांगडा जावक नको." कोणी हलेना, तेव्हा तिने स्वतःच पुढचं दार उघडलं आणि वाकून आत हात घातला. "हय कित्याक घुसवलंस रे ह्यो? निघना पण नाय मेलो."

नारळ ब्रेकच्या खाली घट्ट रुतून बसला होता.

सौमित्रने तो हिसका देऊन काढला, आत बसून ब्रेक दाबला. लोण्यासारखा खाली गेला.

सौमित्रने नारळाकडे बघितलं, मग हेरंबकडे. हेरंबला फक्त "ओरखडा पडला असता रे" एवढंच सुचलं. त्यावर सौमित्रला हसू आवरेना, आणि हेरंबचे डोळे मात्र भरून आले.

"गाडीत बिघाड नाही, तेव्हा गाडी राहील," मीनाक्षीने निकाल दिला आणि किल्ली स्वतःच्या हातात घेतली. हेरंबची रवानगी मागच्या सीटवर झाली. सौमित्र बनियनवरच पुढे बसला. नारळ हेरंबच्या मांडीवर ठेवण्यात आला, आणि दोन्ही हातांनी धर, अशी सक्त ताकीद मिळाली.

आत्याने पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, गाडी बरी आसा. घेणाऱ्याक तेवढी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुढून दोघं एकदम ओरडले.

मग आत्या हेरंबकडे वळून बघत राहिली. नारळ छातीशी धरून तोही म्हणाला, "व्हय म्हाराजा."