दप्तरींचा स्वभाव, बायकोच्या अक्षरात

“अगं, मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का?”

दप्तरींनी जेवणाच्या टेबलावरून स्वयंपाकघराच्या दिशेने विचारलं. आतला कोबी चिरण्याचा आवाज थांबला.

“कोण विचारतंय?”

“ऑफिस. एकशे वीस प्रश्न आहेत. उद्या सकाळी भरून द्यायचेत.”

पाणीपुरवठा कार्यालयातलं नकाशांचं दप्तर सांभाळतात म्हणून त्यांना सगळे दप्तरी म्हणत. तळघरातली एक लांबट खोली, त्यात उथळ खणांची लोखंडी कपाटं आणि त्या खणांत शहराच्या पोटातल्या एकूण एक नळाचा नकाशा. कुठल्या गल्लीखाली कोणता व्हॉल्व्ह आहे आणि तो कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, हे दप्तरी झोपेतून उठवलं तरी सांगत. आपल्याला चहात साखर किती लागते हे मात्र त्यांना सांगता येत नसे. ते बायकोला ठाऊक होतं. तळघरात दिवसाकाठी फार तर दोन माणसं येत आणि नकाशा घेऊन मुकाट्याने परत जात. याहून सुखाची नोकरी जगात असेल असं दप्तरींना वाटत नव्हतं.

त्या सुखावर आता संक्रांत आली होती. नव्या साहेबांनी कामाची वाटणी स्वभावाप्रमाणे करायची असं ठरवलं होतं, आणि त्यासाठी व्यक्तिमत्त्वाच्या एक तज्ज्ञबाई आणल्या होत्या. बाईंनी दीड तास व्याख्यान दिलं. एका मताप्रमाणे माणूस लहानपणीच घडतो आणि पुढे जन्मभर ते दडपत बसतो. दुसऱ्या मताप्रमाणे स्वभाव म्हणजे पाच गुणांचं कमीजास्त प्रमाण. तिसरं मत म्हणतं, स्वभाव-बिभाव काही नसतो, शाबासकी मिळेल तसा माणूस वागतो. आणि चौथं म्हणतं, माणूस स्वतःला जसा समजतो तसा होत जातो. चारही मतांचं आपसात पटत नव्हतं, पण प्रश्नपत्रिका एकच होती. दप्तरींना एवढंच कळलं, की पेपर बिघडला तर तळघर हातचं जाईल.

आता लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि या घरातला एकही फॉर्म दप्तरींनी आजवर भरलेला नव्हता. गॅसचा असो, शाळेचा असो की जनगणनेचा असो, बायको भरायची आणि ते फुलीपाशी सही करायचे. “फॉर्म माणसाचा नसतो, घराचा असतो,” असं बायकोचं ठाम मत होतं. तेव्हा तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि ती समोर येऊन बसली.

“हं, वाचा पुढचा.”

“‘मी निर्णय चटकन घेतो.’ घेतो का गं मी?”

“मागच्या महिन्यात पंखा कोणी पसंत केला?”

“तू.”

“किती वेळात?”

“दोन मिनिटांत.”

“मग? घरातले निर्णय चटकन होतात. ‘नेहमी’वर खूण करा. राहू दे, आणा ते इकडे, मीच करते. तुम्ही कोबी बघा, खाली लागेल.”

दप्तरी कोबी ढवळायला गेले. पुढचे प्रश्न बायकोनेच वाचले आणि तिनेच सोडवले. चारचौघांत बोलायला कचरता का? “मी कचरते का हो?” “छे!” “झालं तर.” भांडण झालं तर मिटवता का? “आपल्याकडे कोण मिटवतं?” “तूच.” “म्हणजे मिटतं ना?” सत्त्याण्णवाव्या प्रश्नाला मात्र ती थबकली.

“‘न आवडलेली गोष्ट मी तोंडावर सांगतो.’ आता याचं काय करायचं? तुम्हाला न आवडणारी गोष्टच नाही. ताटात पडेल ते खाता.”

“लहानपणापासून असाच तो,” कोपऱ्यातल्या खुर्चीतून दप्तरींच्या आई म्हणाल्या. “एकदाच काय तो हट्ट धरून रडला. पण कशासाठी रडतोय तेच त्याला आठवेना. शेवटी मीच सांगितलं त्याला.”

“पण मी सांगते तोंडावर,” असं म्हणत बायकोने ‘नेहमी’वर खूण केली. दप्तरींनी फुलीपाशी सही केली आणि सगळे कोबी खायला बसले.

शुक्रवारी निकाल लागला. तज्ज्ञबाईंनी दप्तरींना समोर बसवलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खाण सापडल्याचा आनंद होता.

“तुम्ही बावीस वर्षं तळघरात कसे बसलात? बहिर्मुख, निर्भीड, निर्णयक्षम. असा पेपर मी आजवर बघितला नाही.”

“मी... म्हणजे मला तिथे बरं वाटतं.”

“दडपलंय तुम्ही स्वतःला,” बाई हळुवारपणे म्हणाल्या. “सोमवारपासून तक्रार-खिडकी तुमची.”

खिडकीवर आजवर जो कारकून बसायचा त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाई. त्याने पेपरात ‘मला माणसांचा कंटाळा येतो’ असं प्रामाणिकपणे लिहिल्यामुळे तो अंतर्मुख ठरला होता आणि त्याला तळघर मिळालं होतं. किल्ल्या देताना दप्तरींनी त्याला दहा वेळा बजावलं, “नकाशा सपाट ठेवायचा, घडी घालायची नाही.” “घालतंय कोण!” असं म्हणत भोंग्याने हातातला नकाशा घडी करून खिशात कोंबला. दप्तरींचा जीव खालीवर झाला.

सोमवारी दहाच्या ठोक्याला खिडकी उघडली. काचेवर पाटी होती: ‘तक्रार तीस दिवसांच्या आत नोंदवावी. मुदतीनंतर विचार केला जाणार नाही.’ पहिल्याच बाई तावातावाने आल्या.

“नळ बंद असला तरी मीटर फिरतो. आता करणार काय तुम्ही?”

काय करणार? दप्तरींनी पाणी प्यायलं आणि घरी फोन लावला.

“मीटर बदला म्हणावं,” बायको म्हणाली. “आणि आधी मोरीतली टाकी बघा म्हणावं, गळत असेल. बाई बोलतायत ना? द्या त्यांना फोन.”

पाच मिनिटांनी बाई हसतमुखाने गेल्या. दुसऱ्याच्या वेळीही फोन झाला आणि तिसऱ्याच्या वेळीही. दुपारपर्यंत दप्तरींनी फोनचा आवाज मोठा करून तो खिडकीतच ठेवला. माणूस तक्रार सांगायचा, दप्तरी जमिनीखालचा नळ कुठून कुठे जातो ते सांगायचे आणि बायको निकाल द्यायची. बुधवारपर्यंत रांग निम्म्यावर आली. काही लोक आल्या आल्या विचारू लागले, “त्या बाई आहेत ना फोनवर? मग थांबतो.” तज्ज्ञबाई दारातून हे पाहत होत्या. शाबासकी मिळाली की माणूस कसा खुलतो, याबद्दल त्यांनी साहेबांना दोन पानी टिपण दिलं. फोन त्यांना दिसला होता, पण तो नव्या माणसाचा संकोच घालवायला असतो असं त्यांना वाटलं.

गुरुवारी बायकोने दाढ काढायला वेळ घेतली होती.

“दोन तास मला बोलता येणार नाही,” तिने सकाळीच बजावलं. “तेवढं निभवा. काही अडलं तर त्यांनाच विचारा, तुम्हाला काय वाटतं म्हणून. माणसाला आपलं उत्तर माहीत असतं.”

दप्तरींनी हा सल्ला शब्दशः पाळला. एक धिप्पाड गृहस्थ आले आणि म्हणाले, “आमच्याकडे पाणी बारीक येतं.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, खालच्या चौकातला व्हॉल्व्ह जरा आवळावा आणि आमच्याकडचा सोडावा.”

दप्तरींनी तशी चिठ्ठी दिली. त्यानंतर खालच्या चौकातले आले. त्यांना वाटत होतं, की वरच्यांचा व्हॉल्व्ह बंद करावा. त्यांनाही चिठ्ठी मिळाली. दोन तासांत सव्वीस जणांना जे जे वाटलं ते ते दप्तरींनी शिक्क्यानिशी लिहून दिलं. फिटर सव्वीस चिठ्ठ्या घेऊन निघाला. व्हॉल्व्ह कुठे आहेत ते बघण्यासाठी तो नकाशा मागायला तळघरात गेला, तर भोंग्याने त्याला घडीवर फाटलेला नकाशा दिला, आणि फाटलेल्या भागात नेमका मुख्य व्हॉल्व्ह होता. फिटरने अंदाजाने नेमका तोच बंद केला, आणि साडेबारापर्यंत सगळा पूर्व भाग कोरडा पडला. त्यात साहेबांचं घरही होतं, आणि साहेबांच्या सासूबाई केसांना साबण लावून बसल्या होत्या.

एक वाजता चौकशी सुरू झाली. साहेबांचा आवाज भोंग्याच्या वर गेला होता.

“निर्णयक्षम म्हणे! हा काय निर्णय आहे?”

“पेपर खोटं बोलत नाही,” तज्ज्ञबाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. “पुन्हा परीक्षा घेऊ. इथेच घेऊ. एका खोलीत, एकट्याने, फोनशिवाय.”

दप्तरींना खोलीत बसवून बाहेरून दार लावलं. समोर तेच एकशे वीस प्रश्न होते. ‘मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं.’ दप्तरींनी बराच वेळ विचार केला. आत डोकावून बघावं तर तिथे कोणीच नव्हतं. म्हणजे होतं, पण ते आतल्या खोलीत कोबी चिरत होतं. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. बावन्न वर्षांच्या माणसाला स्वतःबद्दल एवढंही सांगता येऊ नये याची त्यांना खरोखर लाज वाटली. तासाभराने ते बाहेर आले. एकशे एकोणीस प्रश्नांपुढे ‘सांगता येत नाही’ ही खूण होती. फक्त ‘मला शांत जागी एकटं काम करायला आवडतं’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘नेहमी’वर इतक्या जोराने खूण केली होती, की कागद फाटला होता.

तज्ज्ञबाईंनी दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले.

“पहिला पेपर कोणी भरला?”

“मीच,” दप्तरी म्हणाले. मग मान खाली घालून त्यांनी पुरतं सांगितलं, “म्हणजे... घरून भरला. फॉर्म घराचा असतो ना?”

फोडणी जळल्यासारखा साहेबांचा चेहरा झाला. आता तळघरही जाणार आणि नोकरीही जाणार, हे दप्तरींनी मनोमन गृहीत धरलं. इतक्यात साहेबांनी सोमवार ते बुधवारची तक्रारवही ओढून घेतली आणि ते पानं उलटू लागले. पान उलटता उलटता त्यांचा आवाज खाली आला.

“तीन दिवसांत एकशे चाळीस तक्रारी निकाली. भोंग्याला महिना लागायचा. बाई, तुमचा पेपर बरोबर होता. आपण माणूस चुकीचा बसवला. दप्तरी, त्या घरच्यांना उद्या बोलवा.”

“तिची दाढ...”

“परवा बोलवा!”

अशा रीतीने दप्तरींची बायको सहा महिन्यांच्या कराराने तक्रार-खिडकीवर रुजू झाली. भोंग्याला पंपघरात पाठवलं. तिथे त्याचा आवाज पंपांत विरून जाई, आणि त्यामुळे तोही खूश होता. दप्तरी तळघरात परतले. त्यांनी आठवडाभर बसून घड्या पडलेले नकाशे ओल्या टिपकागदाखाली सपाट केले, फाटलेला जोडला, आणि मुख्य व्हॉल्व्ह जागेवर आल्यावर त्यांचे डोळे भरून आले.

सगळं सुरळीत झालं होतं. फक्त एक अडचण होती. तळघर पाचला बंद व्हायचं आणि खिडकी सातला, म्हणून भाजी आणायचं काम दप्तरींकडे आलं. पहिल्याच दिवशी ते भाजीवाल्यासमोर पाऊण तास उभे राहिले. फोन लावला, तर बायको म्हणाली, “कामाच्या वेळेत घरचे फोन घेत नाही मी. इथं माणसं उभी आहेत.”

दप्तरी रिकामी पिशवी घेऊन ऑफिसात परत आले. त्यांनी नंबराची चिठ्ठी घेतली आणि बाकावर बसले. पुढे अकरा जण होते. पावणेसातला त्यांचा नंबर पुकारला गेला.

“बोला,” बायको वहीतून मान वर न करता म्हणाली.

“भाजी कोणती आणू?”

बायकोने मान वर केली. मागे आणखी तिघं होती. तिने आवाज बदलला नाही. दिवसभर जो प्रश्न ती सगळ्यांना विचारत होती तोच तिने विचारला.

“तुम्हाला काय वाटतं?”

दप्तरींनी काचेवरच्या पाटीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. पेपराच्या वेळी जिथे कोणी नव्हतं तिथे आता काहीतरी हललं. ते थोडे पुढे वाकले.

“मला कोबी आवडत नाही,” ते म्हणाले.

बायकोने वही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून.”

तिने लिहायला घेतलेलं पेन थांबवलं, आणि काचेवरच्या पाटीवर बोट ठेवलं.

“मुदत उलटून गेलीय,” ती म्हणाली. “पण थांबा जरा. साहेबांना विचारून बघते.”