बास वाढला, आणि…

नवे स्पीकर घरी आले आणि शिंपीमास्तरांच्या जिवाला घोर लागला. गाणारा स्वच्छ ऐकू येई, पण ढोल मात्र पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा. दुकानदार फोनवर म्हणाला, "कोपऱ्यात, भिंतीलगत ठेवून बघा. बास, म्हणजे खालचा घुमारा, आपोआप वाढतो."

मास्तरांनी कपाट सरकवून स्पीकर कोपऱ्यात कोंबले. ढोल वाजला तो फरशीतून थेट पोटात शिरला. मास्तर सुखावले, तेवढ्यात बेल वाजली. गाणं बंद करून त्यांनी दार उघडलं. खालच्या मजल्यावरच्या आजी घामाघूम उभ्या होत्या.

"मास्तर, जरा खाली येता? मी भाजी घेऊन आले, तर हे छातीवर हात ठेवून बसलेले. धडधडतंय म्हणतात. डॉक्टरीणबाईंना फोन केलाय."

मास्तरांच्या लगेच लक्षात आलं. आजोबांना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे, आणि त्यांची आरामखुर्ची बरोबर त्या कोपऱ्याखाली होती.

"आजी, ते बहुतेक माझे स्पीकर असतील."

"स्पीकर कानात वाजतात हो. छातीत कसे वाजतील?"

मास्तर गोंधळले. गप्प बसावं, तर म्हातारा भीतीनंच जायचा. आणि स्पीकरच आहेत म्हणून सगळ्यांना निर्धास्त करावं, अन् खरोखरच हृदयाचं दुखणं निघालं तर? खात्री करून घेणंच बरं. त्यांनी पुन्हा गाणं लावलं आणि ते धावत खाली गेले.

"आजोबा, आता?" ते कानाशी ओरडले.

"सुरू झालं," आजोबा क्षीण आवाजात म्हणाले.

मास्तर वर गेले, गाणं बंद केलं, खाली आले.

"थांबलं. पण पुन्हा येणार, मला माहीत आहे."

एकदा जुळलं म्हणजे योगायोगही असू शकतो. मास्तरांनी पुन्हा जिना गाठला. मग आणखी एकदा.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मास्तर चौकट धरून धापा टाकत उभे होते. बाईंनी आजोबांना नीट तपासलं. "काही झालेलं नाही यांना. ठणठणीत आहेत."

मग त्यांची नजर मास्तरांकडे गेली. त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे कधीपासून होतंय?"

मास्तरांना स्पीकरबद्दल सांगायचं होतं, पण श्वास पुरेना.

थोड्या वेळानं रुग्णवाहिकेत मास्तर आडवे होते आणि सोबतीला आलेले आजोबा त्यांचा हात थोपटत होते.

"घाबरू नका मास्तर," आजोबा मोठ्या मायेनं म्हणाले. "मलाही मघाशी अस्संच झालं होतं. जरा वेळानं आपोआप थांबतं."