ठोंब्यारावांची रुदनबंदी व तेलाची मोहीम

पुढे कोणी विचारील की या इमारतीत शांतता कैसी नांदली, तर त्यास खरे वर्तमान कळावे, आणि जिन्यात उभे राहोन हकीकत वाटेल तैसी फुगवून सांगणारांस एकदाचा चाप बसावा, या हेतूने हे लिहावयास घेतले असे. लिहिणार या घरचे मीठ खाल्लेला आहे, नाकबूल नाही. तरी जेथे आमच्या लोकांची फजिती जाहली तेथे फजितीच लिहिली जाईल, तिला पराक्रमाचा मुलामा देणे आम्हांस जमत नाही.

श्रीमंत ठोंब्याराव, दुसऱ्या मजल्याचे अधिपती, सोफा व पायपुसणे उभय ठाण्यांचे जहागीरदार. वंशावळ पाहता मातोश्री गल्लीतील, तीर्थरूपांचा ठाव लागत नाही. वर्ण तपकिरी, एक कान सदा उभा, दुसरा सदा पडलेला, आणि शौर्य म्हणावे तर झुरळ नजरेस पडताच पलंगाखाली मुक्काम. परंतु आईसाहेबांवर जीव असा की त्या न्हाणीघरात गेल्या तरी हे दाराशी पहारा देत बसत. आईसाहेब लोकांचे कपडे शिवीत, आणि घरी यंत्र चाले तोवर रावसाहेब यंत्राखाली त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून निजत. असा अंमल कैक वर्षे बिनबोभाट चालला.

मग आईसाहेबांनी कोपऱ्यावर स्वतःचे दुकान घेतले. हा मनसुबा त्यांनी कन्या पाळण्यात होती तेव्हापासोन मनात धरिला होता, आणि दर वेळी काही ना काही आडवे येऊन तो लांबणीवर पडला होता. आता पाटी लागली, यंत्र हलविले, कात्री नवी घेतली, गिऱ्हाइके येऊ लागली. सकाळी यजमान छापखान्यात, कन्या कचेरीत, आईसाहेब दुकानी, ऐसे तिघेही कूच करिते जाहले आणि ठोंब्याराव घरी एकटे उरले. एकटे उरताच त्यांनी मान वर केली, डोळे मिटले आणि जो टाहो फोडला तो आईसाहेब परतेपर्यंत आवरला नाही.

वरच्या मजल्यावर मास्तर राहत. हे गणिताची शिकवणी संगणकावरोन घेत आणि इमारतीची चिटणिशीही त्यांजकडेच. ठोंब्यारावांचा टाहो थेट त्यांच्या वर्गात शिरला. पहिले काही दिवस मुले हसली, पुढे मुलांनी आपापले माइक उघडून त्याच सुरात उत्तर देण्याचा प्रघात पाडिला, आणि समीकरण सोडवावे तो चोहोकडोन कोल्हेकुई. मास्तर माणूस वाईट नव्हे, हे आम्ही शत्रुपक्षाचे असोनही लिहितो. परंतु सहन करण्यासही सुमार असतो. ते खाली आले आणि दाराबाहेरच उभे राहोन फर्माविते जाहले की, महिनाअखेरीस बैठक आहे, तोवर आवाज बंद व्हावा, अन्यथा कुत्र्याची रवानगी अन्यत्र करावी, यात बदल होणे नाही.

घरी मसलत बसली. यजमानांनी सुचविले की आईसाहेबांच्या थोरल्या बहिणीकडे अंगण आहे, तेथे पाठवावे. आईसाहेबांनी त्यांजकडे असे पाहिले की यजमानांनी बाकीचे शब्द चहाबरोबर गिळिले. मग आईसाहेब हळूच म्हणाल्या की कुत्रा कोठे जाणार नाही, फार तर दुकान बंद करीन, पूर्वी घरी शिवीतच होते. इतके बोलोन त्या भांडी घासावयास गेल्या आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागल्या. मग सर्वांस उमगले की प्रसंग बाका आहे, आणि आवाज न थांबल्यास बुडणार ते दुकान.

तेव्हा कन्येने खबर आणिली की सीबीडी नामे एक तेल आहे, ते भांगेच्या कुळातील झाडापासोन काढितात, नशा चढविणारा अंश त्यात नसतो म्हणतात, आणि घाबरट कुत्र्यांस पूरक म्हणून काही लोक देतात. भांग हा शब्द कानी पडताच यजमान खुर्चीवरोन उठले. त्यांचे म्हणणे पडले की आजवर या घराण्यात कोणी सुपारीसही शिवले नाही, आणि आता कुत्रा झिंगून जिन्यात लोळला तर मास्तरांस आयते कोलीत मिळेल. वाद बराच वेळ चालला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा कौल घ्यावा, असे ठरले.

डॉक्टरीणबाईंनी ठोंब्यारावांचे कान, पोट व दात तपासोन साफ सांगितले की, या तेलाचा भरवसा मी देणार नाही, याचा अभ्यास अजून थोडा आहे, कित्येकांस गुण येतो, कित्येक नुसते पेंगतात, कित्येकांस काहीच होत नाही. वाटेल त्या दुकानातील बाटली उचलू नये, मी सांगते तीच घ्यावी, थेंब मी सांगते तेवढेच घालावे, पोट बिघडल्यास तत्काळ बंद करावे. आणि नुसत्या तेलावर विसंबू नये, थोडा थोडा वेळ एकटे ठेवण्याची सवयही लावावी. हा शेवटचा हुकूम आमच्या लोकांनी कैसा पाळिला ते पुढे येईल आणि वाचणारास लाज वाटेल.

बाटली आली, परंतु मुखदुर्ग हाती येईना. यजमान पिचकारी घेऊन चालोन गेले, तो रावसाहेबांनी दात आवळिले, मान झटकली, आणि सगळे तेल यजमानांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. दुसरे दिवशी कन्येने कपट योजून भाकरीच्या तुकड्यात थेंब दडविले. रावसाहेबांनी वाडगा चाटोन लख्ख केला आणि तेवढा एक तुकडा उचलोन यजमानांच्या चपलेत नेऊन ठेविला. उभयतांनी हात टेकिले. मग आईसाहेब खाली बसल्या आणि तळहातावर थेंब घेऊन हात पुढे केला. ठोंब्यारावांनी वासदेखील न घेता तो हात चाटिला. यजमान सदरा भिजत घालावयास निघोन गेले.

तेल काही दिवस सुरळीत चालले. मग परीक्षा ठरली. तिघांनी चपला घातल्या, मोठ्याने निरोप घेतला, कुलूप घातले, आणि जिन्याच्या वळणावर चपलांच्या कपाटाआड दबा धरोन बसले. हेतू असा की रावसाहेब रडतात की नाही हे स्वतःच्या कानांनी ऐकावे. आत टाहो फुटला. दुसरे दिवशी पुन्हा दबा, पुन्हा टाहो. तिसरे खेपेस तर आईसाहेबांच्याने राहवेना, त्या रांगत दारापर्यंत गेल्या आणि फटीशी तोंड नेऊन कुजबुजल्या, “आहे रे बाळा, मी इथंच आहे.” आतोन फटीस नाक लागले आणि जो कल्लोळ जाहला तो पूर्वी कधी जाहला नव्हता. कन्या तेलास बोल लावू लागली, यजमान कन्येस बोल लावू लागले, आणि आईसाहेब पायरीवर बसोन म्हणाल्या की दुकानाची पाटी उतरवावी.

नेमके तेच समयी मास्तर कचऱ्याचा डबा घेऊन खाली उतरत होते. कपाटाआड एक भला माणूस व एक कमावती मुलगी उकिडवी, आणि पायरीवर दुकानाची मालकीण बसलेली पाहोन त्यांनी डबा खाली ठेविला. सर्वांच्या माना खाली गेल्या. मास्तरांनी अगोदर दाराकडे पाहिले, मग या तिघांकडे, आणि गणितातील सोपी चूक दाखवावी तैशा स्वरात म्हणाले, “अहो, त्याला वास येतोय तुमचा. तुम्ही इथं बसलात म्हणून तो ओरडतोय. जा ना खरंच कुठंतरी.” आणि पुढे असेही आश्वासन दिले की उद्या मी कान देऊन ऐकेन आणि जे ऐकेन ते खरे सांगेन. शत्रूकडोन ऐसी कुमक यावी हे आमच्या इतिहासात प्रथमच घडले.

दुसरे दिवशी आईसाहेबांनी तळहातावर तेल दिले, कुलूप घातले आणि मागे न पाहता दुकानी गेल्या. पाय गेले, जीव घरीच राहिला. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्यास उजवी बाही डावीकडे जोडली, उसविली, आणि पुन्हा तिकडेच जोडली. यजमानांचा छापखान्यातोन दोनदा फोन आला, दोन्ही वेळा कोणी कोणास काही विचारिले नाही, नुसते आज ऊन फार आहे इतकेच बोलणे जाहले.

दुपारी आईसाहेब जिना चढोन आल्या तो मास्तर वळणावर वाट पाहत उभे. त्यांनी जाहीर केले की सुरुवातीस थोडी कुरकुर, मग काही नाही, पूर्ण वर्ग निर्वेध पार पडला. उलट मुलेच विचारीत होती की आज तो का आला नाही. तेलाने केले, की माणसे खरोखर निघोन गेल्याने जाहले, याचा निवाडा आम्हांकडे नाही, डॉक्टरीणबाईंनीही खांदे उडविले. परंतु दुकान वाचले, ठोंब्याराव वाचले, हे निर्विवाद.

आईसाहेबांनी हर्षाने दार उघडिले. रोज दार उघडताच जो अंगावर झेप घेई, तो सोफ्यावर पाय पसरोन निजला होता. त्याने एक डोळा उघडिला, शेपूट एकवार आपटिले आणि पुन्हा डोळा मिटिला. आईसाहेब हातातील पिशवी खाली न ठेविता तैशाच उभ्या राहिल्या. हवे होते ते सारे मिळाले होते आणि डोळ्यांस पाणी आले.

“उठलासुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. मग नाक पुसोन त्यांनी हुकूम सोडिला, “उद्यापासून एक थेंब कमी. थोडं तरी रडू दे की त्याला.”

मास्तर दाराशीच होते. आता पुन्हा लढाई जुंपते ऐसे वाटले. परंतु त्यांनी अंमळ विचार केला आणि म्हणाले, “थोडं चालेल. फक्त माझा वर्ग सुरू व्हायच्या आत.”

त्याच अटीवर तह जाहला. दुसरे दिवशी आईसाहेब कुलूप घालोन खाली उतरल्या आणि फाटकापाशी उगाच थबकल्या. वरोन एकच बारीक, लांब हाक आली आणि थांबली. ती ऐकोन आईसाहेबांनी पदर खोचिला आणि हसत दुकानाकडे चालू लागल्या. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, हे नोंदून लेखणी खाली ठेविली असे.