आडवी रेघ

रविवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी मास्तर लेकीला "बरं, ठेवतो" म्हणाले आणि ठेवायला गेले, तर ठेवायची जागाच गायब!

कॉम्प्युटरवर लेकीचा चेहरा दिसायचा त्या खिडकीच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ असे. तिच्यावर टिचकी मारली की चेहरा अलगद खाली जाऊन बसायचा. जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हर खाली ठेवला की बोलणं संपायचं, तसंच हे, अशी मास्तरांची पक्की समजूत. त्या फोनची वजनदार 'खट्ट' मात्र यात नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटे. पण या आठवड्यात कॉम्प्युटरनं आपलं आपणच काहीतरी नवं चढवून घेतलं आणि रेघ गेली. उरली फक्त फुली.

"अहो, मग फुली दाबा ना," बायको म्हणाली.

"सदतीस वर्षं गणिताच्या वह्यांवर फुल्या मारल्या. आता पोटच्या पोरीच्या तोंडावर मारू?"

"काय शोधताय, बाबा?" लेकीनं विचारलं.

"काही नाही. आज तू ठेव."

"नाही, तुम्हीच ठेवा. नेहमीसारखं."

असं पाच मिनिटं चाललं. शेवटी मास्तरांनी खुंटीवरचा टॉवेल काढून पडद्यावर टाकला.

"बाबा, अंधार झाला," टॉवेल म्हणाला.

आता स्वतःच्याच घरात बोलायची चोरी. दोघं चवड्यांवर चालत जिन्यात आली आणि खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना हाक मारली. बाई स्क्रू ड्रायव्हरसकट वर आल्या आणि टॉवेल बघून हसल्या.

"रेघ होय? नव्यात काढलीये, काका. हल्ली ती वापरतंय कोण, असं म्हणतात."

"मी वापरतो!" मास्तर उसळले. "बंद करणं वेगळं आणि खाली ठेवणं वेगळं. वर्गात एखाद्याला उत्तर आलं नाही तर त्याला खाली बसवतात, हजेरीतून नाव कापत नाहीत. एवढी साधी गोष्ट कळत नाही या लोकांना? रेघेशिवाय माणसानं फोन ठेवायचा कसा?"

"रेघेनं फोन कुठे ठेवला जातो?" बाई म्हणाल्या. "खिडकी नुसती नजरेआड होते. फोन चालूच. पलीकडच्या माणसाला सगळं ऐकू येत राहतं."

बायकोनं बोटांवर रविवार मोजायला घेतले. तीन वर्षं! दर रविवारी 'ठेवतो' म्हटल्यावरच तर खरं बोलणं सुरू व्हायचं. लेकीनं पाठवलेल्या पडद्यांना बायकोनं सतरंज्या म्हटलं होतं. मास्तर जावयाला दर खेपेला शंभरपैकी मार्क देत. आणि फोनवर "आम्ही अगदी मजेत" म्हणून झाल्यावर बायको डोळ्यांना पदर लावायची. मग मास्तर म्हणायचे, "रडू नकोस. तिला कळलं तर नोकरी सोडून येईल." ते नेमकं तिलाच कळत होतं. लेक कायमची दुखावली असेल तर? मास्तरांनी हळूच टॉवेल उचलला.

लेक तिथेच होती, डोळे पुसत.

"बाळ, तू... सगळं ऐकलंस?"

"पहिल्या रविवारी सांगणारच होते हो. तेवढ्यात तुम्ही चष्मा हरवलात आणि आई तुमच्यावर ओरडली. इतकं बरं वाटलं! मी माझा आवाज बंद केला आणि भांडी घासायला घेतली. तेव्हापासून तुमच्या आवाजातच मी रविवारी घर आवरते. इथल्या खोल्या फार गप्प असतात, बाबा."

तिच्या मागून जावयाचं डोकं पुढे आलं. "बाबा, मार्चात माझे बेचाळीस होते. एप्रिलमध्ये पस्तीस का झाले?"

मास्तर टॉवेलची घडी घालू लागले. बाईंनी तेवढ्यात कुठेतरी खोल शिरून रेघ परत आणली. "गेली नव्हती, काका. लपवली होती," असं म्हणून त्या गेल्या.

"आता ठेवा," लेक म्हणाली. "नेहमीसारखं."

मास्तरांनी रेघेवर टिचकी मारली. चेहरा खाली गेला. दोघं ताठ बसून राहिली.

"आज हवा प्रसन्न आहे," मास्तर म्हणाले.

"हो. अतिशय," बायको म्हणाली. "आपण चहा घेणार का?"

"घेऊ या. आपल्या हातचा चहा उत्तम असतो."

"शी! बाबा, असं नको ना!" खालून लेकीचा आवाज आला. "आई, ओरड की जरा त्यांच्यावर!"

"अगं, उगाच कशी ओरडू? काहीतरी कारण नको?"

"कारण?" मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षांत हिला कारण कधी लागलंय?"

"मला कारण लागत नाही? मला? ओला टॉवेल त्या मशीनवर कोणी टाकला? आणि काल नळ कोणी उघडा ठेवला? अन् माझ्या माहेरच्यांना..."

गाडी माहेरावर गेली म्हणजे तासाभराची निश्चिंती. मास्तरही बाह्या सरसावून उभे राहिले. पलीकडे लेकीनं आपला आवाज बंद केला आणि बेसिनमधलं पहिलं ताट हातात घेतलं.