कृपया खुर्ची सोडू नये

मुलाखतीची रांग पुढे सरकली आणि पुटपुट मागे सरकली.

"सर, मला मळमळतंय," ती म्हणाली. म्हणजे बहुधा तेच म्हणाली. तिचं बोलणं समोरच्याच्या कानापर्यंत पोचायच्या आधी हवेतच विरून जाई, म्हणून तर वर्गानं तिचं नाव पुटपुट ठेवलं होतं. ताळेबंद सरांनी तिच्या चेहऱ्याचा रंग पाहिला, हातातली फाईल काढून घेतली आणि म्हणाले, "जा पटकन, तोंडावर पाणी मारून ये. तोवर तुझ्या जागी मी उभा राहतो."

ती पळाली. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात, विशीतल्या पोरापोरींच्या रांगेत, साठीला टेकलेले ताळेबंद सर फाईल छातीशी धरून उभे राहिले.

सरांनी जन्मभर हिशेबशास्त्र शिकवलं होतं. फळ्यावर दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की त्यांचा चेहरा असा उजळायचा, की मागच्या बाकावर झोपलेलं पोरगंही उठून बघायचं. गेल्या काही महिन्यांपासून मात्र त्यांच्याकडे नवंच काम आलं होतं. विभागप्रमुखबाईंनी त्यांना 'बदलत्या करिअरसाठी विद्यार्थी सज्जता उपक्रमा'चे समन्वयक नेमलं होतं. उपक्रमाचं नाव एका दमात म्हणता येत नसे. पण सर मन लावून काम करत. "नुसती बेरीज आली म्हणजे भागलं, हे दिवस गेले," ते मुलांना सांगत. "बेरीज यंत्र करतं. तुम्हाला बोलता आलं पाहिजे, समजावून सांगता आलं पाहिजे, उद्या काम बदललं तर आपल्यालाही बदलता आलं पाहिजे."

पुटपुटसारख्या हुशार मुलीचं घोडं या बोलण्यावरच अडत होतं. याआधी दोन कंपन्यांत ती मुलाखतीला गेली आणि समोर माणसं पाहून तोंडाला कुलूप लावून परत आली. म्हणून आजची कंपनी कळल्यावर सर हरखले होते. पहिली फेरी यंत्र घेणार होतं. काचेची केबिन, आत खुर्ची, समोर पडदा. बघणारं कुणी नाही. "यंत्रापुढे कसली आलीय लाज?" असं म्हणत सरांनी तिच्याकडून रोज तयारी करून घेतली होती. तीही रिकाम्या वर्गात खिडकीकडे तोंड करून बऱ्यापैकी बोलायला लागली होती.

आणि आता ती बाथरूममध्ये होती आणि नंबर आला होता.

केबिनच्या दारावरच्या मुलीनं सरांच्या हातातल्या फाईलवरची नंबराची पट्टी यंत्राखाली धरली. टिंग वाजलं. "चला, आत बसा."

"अहो, मी नाही. माझी विद्यार्थिनी आहे, ती जरा…"

"काका, पट्टी वाचली गेली. आता कुणी बसलं नाही तर नंबर बाद. परत मिळत नाही."

"पण मी कसा…"

"बसा तर खरं! ती आली की उठा."

हे सरांना पटलं. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, तसंच हे. ते आत गेले, खुर्चीवर बसले. मागे दार आपोआप बंद झालं आणि एका अतिशय मायाळू बाईचा आवाज आला, "नमस्कार. मुलाखत संपेपर्यंत उमेदवाराने कृपया खुर्ची सोडू नये. स्वतःबद्दल थोडक्यात सांगा."

"बाई, मी उमेदवार नाही," सर म्हणाले. "उमेदवार बाथरूमला गेलीय. दोन मिनिटं थांबता का?"

"धन्यवाद. आपले उत्तर नोंदवले आहे."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते अर्धवट उठले, तोच पडदा लाल झाला. 'उमेदवार अनुपस्थित. मुलाखत रद्द होत आहे.' ते धपकन खाली बसले. पडदा हिरवा झाला. पुन्हा उठले, पुन्हा लाल. काचेबाहेरून पाहणाऱ्यांना वाटलं, काका व्यायाम करताहेत.

"आपल्या कामात झालेल्या एखाद्या मोठ्या बदलाशी आपण कसे जुळवून घेतले, ते सांगा," बाई म्हणाली.

सरांनी दाराकडे पाहिलं. पुटपुटचा पत्ता नव्हता. काहीतरी बोलत राहायला हवं होतं.

"नाही घेतलं जुळवून," ते म्हणाले.

"आणखी सांगाल का?"

आता गंमत अशी, की बऱ्याच दिवसांत ताळेबंद सरांना कुणी 'आणखी सांगाल का' असं विचारलं नव्हतं. घरी नाही, स्टाफरूममध्ये नाही. आणि ही बाई विचारून नुसती थांबली. घड्याळ बघेना, मोबाईल बघेना.

सर सांगू लागले.

मुलाखत संपून दार उघडलं तेव्हा पुटपुट समोर उभी होती. तोंड धुतलेलं, बाह्या ओल्या. "सर, आला नंबर?"

"आला," सर म्हणाले. "आणि… म्हणजे… गेलासुद्धा."

तिनं नुसता खालचा ओठ दाताखाली धरला. सरांना वाटलं, ती चार शब्द बोलली असती, चिडली असती, तर बरं झालं असतं.

ते तिला घेऊन तडक कंपनीच्या अधिकाऱ्याकडे गेले. अधिकारी तरुण होता, सौजन्यानं ओतप्रोत. विद्यापीठातल्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायला म्हणून विभागप्रमुखबाईही तिथंच त्याच्या शेजारी बसल्या होत्या.

"सर, मला वाईट वाटतं, पण मुलाखत झाली ती झाली," अधिकारी म्हणाला. "एका उमेदवाराला वर्षातून एकदाच."

"पण हिची झालीच नाही! हिच्या जागी मी बसलो होतो."

"सिस्टीममध्ये हिची झालीय."

"अहो, माझा चेहरा बघा, आवाज ऐका. मी मुलगी वाटतो का? विशीतला वाटतो का?"

"तेच तर सांगतोय," अधिकारी अभिमानानं म्हणाला. "आमची सिस्टीम चेहरा बघत नाही, आवाज बाईचा का पुरुषाचा ते बघत नाही, वयही बघत नाही. कुणावर अन्याय व्हायला नको म्हणून."

"मग माझ्यावर झाला त्याचं काय?" पुटपुट म्हणाली. ते फक्त सरांना ऐकू आलं.

सरांनी हात जोडले. शेवटी अधिकाऱ्याला दया आली. माणसानं ऐकून खात्री केली तर मुलाखत दुसऱ्याच्या नावावर टाकता येते, अशी एक वाट निघाली. त्यानं लॅपटॉप पुढे ओढला आणि बटण दाबलं. सकाळपासून त्याच लॅपटॉपवरून सभागृहात नंबर पुकारले जात होते. त्याची वायर भिंतीवरच्या मोठ्या कर्ण्यांना जोडलेली आहे, हे त्या घाईत त्याच्या लक्षात आलं नाही.

"नाही घेतलं जुळवून," ताळेबंद सरांचा आवाज सभागृहभर घुमला.

रांगा थबकल्या.

"पुढच्या वर्षीपासून माझा विषय बंद. प्रमुखबाईंनी सांगितलं, नोंदी आता संगणक करतो, मुलांना ते शिकवून काय उपयोग? मी म्हटलं, उत्तम निर्णय आहे. मग बेसिनवर जाऊन बराच वेळ हात धूत बसलो. हातांना काही लागलं नव्हतं. मला हे समन्वयक केलं, ते नारळ द्यायच्या आधीचा हार आहे, एवढं कळतं मला. मुलांना सांगतो, बदलाला हसत सामोरे जा. मी स्वतः फळा पुसतानासुद्धा कोपऱ्यातल्या बेरजा तशाच ठेवतो. नवीन प्रणाली शिकायला घेतली, चार वेळा घेतली. पोरं भरभर पुढे जातात आणि मी पासवर्ड शोधत बसतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती आपली निवृत्तीपर्यंतची वर्षं मोजतेय…"

"बंद करा," प्रमुखबाई कुजबुजल्या. अधिकारी बटणं दाबत होता. घाईत त्यानं आवाज वाढवला.

"…आणि खरं सांगू का बाई, यंत्र बेरीज करतं त्याचं मला दुःख नाही. करू दे. पण बेरीज चुकली, तर ती का चुकली हे शोधत एखादं पोर रात्रभर बसायचं आणि सकाळी पळत येऊन 'सर, सापडलं' म्हणायचं. ते आता कुणी येणार नाही."

मग एकदाचा आवाज बंद झाला. ताळेबंद सरांनी फाईल दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ते तिच्यावरची पट्टी वाचत राहिले, जणू तिच्यात वाचण्यासारखं काही होतं. प्रमुखबाई मान खाली घालून पेनाचं टोपण लावत, काढत बसल्या.

"खात्री झाली," अधिकारी घसा साफ करत म्हणाला. "पण सर, ही मुलाखत तुमच्या नावावर टाकावी लागेल. सिस्टीममध्ये बेवारस मुलाखत ठेवता येत नाही."

"टाका," सर म्हणाले. त्या क्षणी त्यांनी कशावरही सही केली असती.

पुटपुटला नवी वेळ मिळाली. ती आत गेली, दार बंद झालं, आणि सर काचेबाहेर उभे राहिले. तिचे ओठ हलत होते. थांबत नव्हते! हातसुद्धा हलत होते. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "सर, बोलले मी. सगळं बोलले. एकही प्रश्न सोडला नाही."

"शाब्बास!" सर म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला.

दुपारी निकाल सभागृहातल्या पडद्यावर लागले. पुटपुटच्या नावापुढे लिहिलं होतं, 'उत्तर आढळले नाही.'

सर धावत अधिकाऱ्याकडे गेले. त्यानं तपासलं, पुन्हा तपासलं आणि कसनुसा चेहरा केला. "आवाज फार हळू होता, सर. माईकनं पकडलाच नाही. चित्र आहे, आवाज नाही."

"चित्रात दिसतंय ना, ती बोलतेय!"

"सिस्टीम चेहरा बघत नाही, सर."

"मग आणखी एक संधी द्या."

"तुमच्यासाठी एकदा दिली. आणखी द्यायची म्हटलं तर बटणच नाही." त्याचाही आवाज उतरला होता. मग तो जरा चाचरत म्हणाला, "पण सर, तुमचं नाव आलंय. पुढच्या फेरीसाठी. प्रशिक्षणार्थी म्हणून. 'बदलाविषयी प्रामाणिक जाण' यात तुम्हाला सगळ्यांत जास्त गुण आहेत."

प्रमुखबाई उठून जवळ आल्या. "अभिनंदन, सर," त्या म्हणाल्या. "म्हणजे… उपक्रमाच्या अहवालात एक निवड दाखवता येईल आपल्याला."

फाटकाशी पुटपुटचे वडील उभे होते. बसचालकाचा गणवेश अंगावर तसाच. पाळी बदलून आले होते. "बोलली का हो सर?" त्यांनी विचारलं.

"बोलली," सर म्हणाले. "सगळं बोलली. यंत्राला ऐकू गेलं नाही."

वडिलांनी लेकीकडे पाहिलं. तिनं त्यांच्या गणवेशाची बाही धरली आणि काहीतरी सांगितलं. ते वाकले, कान तिच्या तोंडाशी नेला, ऐकलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला घेऊन गेले.

सर घरी आले तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगायला हवं होतं. ते चपला काढायच्याही आधी सांगून मोकळे झाले. विषय बंद, केबिन, कर्णे, सगळं. ती ऐकत घड्या घालत राहिली. एकाच शर्टाची घडी तिनं तीनदा मोडली.

"म्हणजे रोज संध्याकाळी मी विचारायचे, कसा गेला दिवस, आणि तुम्ही म्हणायचात, छान…"

"हो."

"इतके दिवस मला सांगितलं नाहीत. आणि यंत्राला सांगितलंत."

सर उंबऱ्यातच उभे होते. "त्यानं विचारलं, आणखी सांगाल का," ते म्हणाले.

ती शर्ट मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. मग तिनं शेजारची खुर्ची पायानं थोडी बाहेर सरकवली. "बसा," ती म्हणाली. "सांगा."

त्यांनी सांगितलं. जेवण राहिलं, ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात गेले तो पुटपुट आधीच हजर. डोळे सुजलेले होते. तिनं शिक्षकाची खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यावर बसली. समोरच्या बाकाकडे बोट केलं.

"हे काय?" सर म्हणाले.

ती पुटपुटली. त्यांना वाकून ऐकावं लागलं.

"तुमची पुढची फेरी आठवड्यावर आलीय. तयारी नको करायला?"

"अगं, मी कुठला जातोय! ती जागा तुझी होती."

"माझी नव्हती, सर. निकाल वाचला ना तुम्ही?" तिनं नाक पुसलं. "मी अजून अर्ज करतेय, दोन टाकलेत. पण तुम्हाला तर पुढच्या वर्षी नोकरीच नाही. बसा."

सर बाकावर बसले. गुडघे आत मावेनात. आयुष्यभर त्यांनी हा वर्ग दुसऱ्या बाजूनं पाहिला होता.

"पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" तिनं विचारलं.

"घरी."

"सर, असं नाही चालत."

"मग काय सांगू? पाच वर्षांनी मी कुठे असणार?" त्यांनी खरंच विचार केला. मधे एकदा बाहीनं डोळे टिपले. "असं कर, तू तेव्हा कुठंतरी साहेब झालेली असशील. तुझ्या हाताखाली असेन, घेतलंस तर."

पुटपुटनं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"हे चालेल," ती म्हणाली. "पण मधेच डोळे पुसायला थांबू नका, सर. शांतता झाली की ते पुढचा प्रश्न विचारतात."