हिरव्या पडद्यावरचं ठिगळ

तात्यासाहेबांची सायकल ते जिकडे बघतील तिकडे जायची. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण एकदा बसून बघावं. म्हशीकडे बघितलं की सायकल म्हशीकडे, नालीकडे बघितलं की नालीत. आणि माणसाची खोड अशी, की ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच नजर जाते. बेगमपुऱ्यातल्या कुंभाराची मडकी, एका म्हातारीनं वाळत घातलेल्या मिरच्या आणि रस्त्याकडेला कुणाचंही वाकडं न करता उभं असलेलं एक गाढव, एवढ्यांची गाठ त्यांनी सुरुवातीलाच घेतली होती.

हे लचांड हकीमसाहेबांनी मागे लावलं होतं. तात्यासाहेब अदालतीत पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद ठेवणारे. दिवसभर बसून खटल्यांच्या मिसली वाचायच्या आणि संध्याकाळी पोट धरून घरी यायचं. हकीमसाहेबांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि पुडी न देता सांगितलं, की रोज ऊन कललं की बारापुल्ल्याच्या पुलावरून छावणीच्या मैदानापर्यंत हवाखोरी करत जा. पायी जाणं पेशकाराला शोभेना, म्हणून छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता त्याची सायकल त्यांनी घेतली. घेतली ती घेतली, वर कचेरीत पेढे वाटले, आणि तिथेच फसले. पेढा खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी विचारणारच, की काय पेशकारसाहेब, काल कुठवर जाऊन आलात?

"छावणीपर्यंत," तात्यासाहेब सांगायचे. खरं म्हणजे ते कुंभारापर्यंत गेलेले असायचे.

घरी वच्छलाबाईंनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि आमचे हे एकटे छावणीला जाऊन येतात म्हणून त्यांनी ते गल्लीभर केलं होतं. आता सायकल विकावी तर नाक कापलं जाणार आणि चालवावी तर पाय मोडणार. ऊन कलायला लागलं की तात्यासाहेब पाणी प्यायचे, टोपी घालायचे, काढायचे आणि पुन्हा पाणी प्यायचे.

मग एका संध्याकाळी जहांआरा बेगमांचा टांगा आडवा आला. या बाई जहागीरदार घराण्यातल्या, विधवा, वयानं बऱ्याच मोठ्या. सगळा बेगमपुरा त्यांना बडी बी म्हणायचा. बाहेर पडायच्या त्या पडद्याच्या टांग्यातून. टांग्याच्या पाठीमागे हिरवा पडदा होता आणि त्याच्या कोपऱ्यात एक पिवळं ठिगळ. तात्यासाहेबांची नजर त्या ठिगळावर पडली आणि सायकल मुकाट्यानं त्याच्यामागे निघाली. टांगा सरळ, तर सायकलही सरळ. वाटेत म्हैस आली आणि गेली, यांना पत्ता नाही. बारापुल्ला मागे पडला. भानावर आले तेव्हा समोर छावणीचं मैदान होतं.

पोटातल्या वायूवर हकीमसाहेबांकडे एकच उपाय होता आणि तो त्यांनी बडी बींनाही सांगितला होता. त्यामुळे टांगा रोज त्याच वेळी त्याच रस्त्यानं निघायचा. तात्यासाहेबांना गुरू भेटला. ते कोपऱ्यावर सायकल धरून थांबायचे, ठिगळ दिसलं की रामरक्षा सुरू करून पायडल मारायचे आणि थेट छावणी गाठायचे. आता ते कचेरीत खरं बोलत होते, आणि खरं बोलण्याची चव त्यांना फार दिवसांनी कळत होती.

पण सायकलीवरून जे दिसतं ते पानाच्या ठेल्यावरून दिसत नाही. ठेल्यावर रोज काकासाहेब उभे असायचे. हे कचेरीत तात्यासाहेबांच्या शेजारी बसत आणि राहायलाही त्यांच्याच गल्लीत. त्यांना दिसायचं ते असं: पेशकार इस्त्रीची शेरवानी घालून कोपऱ्यावर ताटकळत उभे. पडद्याचा टांगा आला की हे लगबगीनं त्याच्यामागे. नजर पडद्यावरून तसूभर हलत नाही. टांग्याची धूळ डोळ्यात जाऊन तात्यासाहेबांचा एक डोळा सारखा मिटायचा, तेही काकासाहेबांनी टिपलं. बडी बी फुलवाल्यापाशी थांबल्या की हेही उतरायचे, उगाच चाक दाबून बघायचे आणि खिशातला अत्तराचा रुमाल काढून तोंड पुसायचे.

टांगेवाला करीमही बघत होता. एकदा फुलवाल्यापाशीच तो खाली उतरला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, तुम्ही पुढं निघून जावा ना. रस्ता मोकळा हाय."

"नको, करीमभाई," तात्यासाहेबांनी हात जोडले. "तुम्हीच पुढं राहा. तुमचा टांगा नसला तर माझं काही खरं नाही."

करीमनं त्यांच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि घोडा हाकला.

कचेरीत तात्यासाहेबांचा मान एकाएकी वाढला. तरुण कारकून त्यांच्यापुढे पान धरू लागले. एका दुपारी काकासाहेब खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "तात्यासाहेब, मानलं बुवा. या वयात एवढी छाती!"

"सुरुवातीला भीती वाटते," तात्यासाहेब फुलून म्हणाले. "मग मजा यायला लागते."

"पण घरी माहीत आहे का?"

"म्हणजे काय? रुमालाला अत्तर तीच लावून देते."

काकासाहेबांच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. एवढं ऐकल्यावर त्यांनी ते स्वतःपाशी ठेवणं शक्यच नव्हतं. त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आणि बायकोनं पाणी भरायला जाताना वच्छलाबाईंना.

त्या संध्याकाळी तात्यासाहेबांच्या ताटात भाकरी वाढली गेली नाही, ती पडली. मग वच्छलाबाईंनी विचारलं, "टांग्यात कोण असतं वो?"

"कुठल्या टांग्यात?"

"ज्याच्या मागं तुम्ही असता."

मला सायकल येत नाही, एवढं एकच वाक्य बोललं असतं तर सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य तात्यासाहेबांना बोलवेना. सरकारी रस्ता आहे, त्यावर टांगेही जातात आणि सायकलीही, असं काहीतरी ते पुटपुटले.

"मग उद्या टांग्याच्या आधी निघा," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी माळवदावरून बघते."

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब आधी निघाले. मागे माळवदावर बायको, पुढे सगळा रस्ता रिकामा. बघायला एक काही नसलं की माणूस सगळ्याकडे बघतो. त्यांनी झाडाकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, आणि दोन्ही कसेबसे चुकवून, वळणाआड गेल्यावर, म्हशी बसतात त्या डबक्याकडे बघितलं.

परत आले ते सायकल खांद्यावर घेऊन. शेरवानी चिखलानं भरलेली, एक बाही फाटलेली, कपाळावर टेंगूळ. काकासाहेब धावत आले आणि त्यांनी विचारलं, की किती जण होते? वच्छलाबाई माळवदावरून खाली आल्या आणि त्यांनी विचारलं, "कुणी मारलं?"

"कुणी नाही. म्हैस होती."

यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. दिवेलागणीपर्यंत गल्लीचं ठरलं, की बडी बींच्या माणसांनी पेशकाराला बदडलं. वच्छलाबाईंनी कपाळाला हळद लावली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तात्यासाहेबांना त्या पाठीकडे बघवेना. गल्ली काय, कचेरी काय, कुणी काहीही म्हणो. पण या बाईनं आजवर त्यांचा प्रत्येक शब्द खरा मानला होता, आणि तिच्याशीच आपण खोटं बोललो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

सकाळी दारात करीम उभा. "बडी बीनं बोलावलंय."

तात्यासाहेबांनी टोपी घातली, काढली आणि पुन्हा घातली. वच्छलाबाईंनी पदर खोचला. "मी बी येते. बघू तरी."

हवेलीत बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा सोडलेला होता आणि त्याच्याआड बडी बी बसलेल्या. तात्यासाहेब पायरीशीच उभे राहिले. रात्रभर घोकलेलं माफीचं भाषण त्यांनी सुरू केलं, पण पहिल्या वाक्यातच त्यांची गाडी अडली. बडी बींनी त्यांना थांबवलं आणि वच्छलाबाईंना आत बोलावून घेतलं. चिकाआड बराच वेळ कुजबुज चालली. बाहेर तात्यासाहेब घामानं भिजत होते आणि करीम भिंतीकडे बघत होता.

मग बडी बींचा आवाज मोठा झाला. "बाई, मी बी कधी जवान होते. टांग्यामागं फिरणारे लई पाहिलेत मी. असला माणूस आधी चारी बाजूला बघतो, कोण आपल्याला बघतंय का. तुमचा मालक नजर हलवत नाय, आणि तोंडानं देवाचं नाव. म्हटलं, हा इश्क नाय, ही दहशत हाय. तो मला बघत नाय, माझ्या ठिगळाला बघतो. त्याला सायकलच येत नाय."

मग वच्छलाबाईंचा आवाज आला. "व्हय वो? येत नाय?"

तात्यासाहेबांनी खाली बघितलं. "नाय," ते म्हणाले.

चिकाआड आधी एक बांगडी वाजली. मग वच्छलाबाईंचं हसू फुटलं, आणि त्यांच्यामागोमाग बडी बींचं. दोघी इतक्या हसल्या, की करीमनं पटक्याचं टोक तोंडात कोंबलं. तात्यासाहेबांची एवढी शोभा आजवर कधी झाली नव्हती, आणि एवढं हलकंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बडी बींनी निकाल दिला. "आजपासून तुम्ही पुढं आणि टांगा मागं. मागं वळायचं नाय. आणि बाई, तुम्ही माझ्यासंगं बसा. एकटीला हवा खाऊन कंटाळा येतो."

"पण पुढं बघू कशाकडं?" तात्यासाहेबांनी काकुळतीनं विचारलं. "पुढं तर काहीच नसतं."

"छावणी असती की," आतून वच्छलाबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सायकल पुढे आणि टांगा मागे निघाला. वच्छलाबाई बडी बींशेजारी बसल्या होत्या आणि पुढच्या पडद्याच्या फटीला त्यांनी डोळा लावला होता. तात्यासाहेबांच्या मागून टापांचा आवाज येत होता आणि त्या आवाजापुढे थांबायची सोय नव्हती. पानाच्या ठेल्यापाशी डाव्या हाताला म्हैस दिसली. त्यांची मान तिकडे वळायला लागली, तशी सायकलही.

"म्हशीकडं मी बघते," पडद्यातून आवाज आला. "तुम्ही म्होरं बघा."

तात्यासाहेबांनी मान सरळ केली. म्हैस डावीकडेच राहिली. बारापुल्ल्याचा वारा अंगाला लागला आणि ते स्वतःच्या नजरेनं, स्वतःच्या पायानं छावणीच्या मैदानात जाऊन पोचले.

ठेल्यावर काकासाहेबांच्या हातातला चुना हातातच सुकला. दुसऱ्या दिवशी सगळ्या कचेरीला कळलं, की आता पडद्याचा टांगाच पेशकाराच्या मागे लागलाय, आणि बाईनं आतून हाकसुद्धा मारली, ती काकासाहेबांनी आपल्या कानांनी ऐकली. तात्यासाहेबांनी घरी येऊन हे सांगितलं. उद्या सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकतो, असंही म्हणाले. खोट्यानं त्यांचे पुष्कळ हाल झाले होते.

वच्छलाबाई आरशापुढे कुंकू लावत होत्या. त्यांनी अत्तराचा रुमाल नवऱ्याच्या खिशात ठेवला आणि वरून हात फिरवला.

"कशाला सांगता? या वयात कुणी तरी तुमच्या मागं लागलंय म्हणतेत, तर म्हणू द्या की," त्या म्हणाल्या. "चला, ऊन कललं."